हरीवकील आणि खालच्या वाडीची पाखाडी

हरिश्चंद्रनानाला गावात हरीवकील म्हणत, आणि तो वकील नव्हता. रत्नागिरीच्या कोर्टात एकतीस वर्षं तो शिपाई होता. काम काय, तर दारात उभं राहून माणसांची नावं पुकारायची. आवाज असा, की आवारातल्या झाडावरचे कावळे उडत आणि टपरीवर बसलेला साक्षीदार चहा अर्धा टाकून धावत येई. दाराच्या आत मात्र त्यानं एकतीस वर्षांत तोंड उघडलं नाही. आत साहेब बोलतात, वकील बोलतात, साक्षीदार विचारलं तर बोलतो. शिपाई पाणी ठेवतो.

ह्या गप्प बसण्याचा सूड त्यानं निवृत्त झाल्यावर गावावर उगवला.

वकिलांच्या खोलीत एक जाड कोश होता. वकिलांपैकी कोणी तो उघडत नसे. त्यावरची धूळ झटकायचं काम नानाकडं, आणि झटकता झटकता तो वाचायचा. कायद्यातला कुठला शब्द कुठून आला ते एका निळ्या वहीत उतरवून घ्यायचा. पेन्शन सुरू झाल्यावर ती वही बगलेत मारून तो कोंडतळ्याला परत आला आणि थांब्याजवळच्या विठूच्या हॉटेलात बाकडं धरून बसला. एस.टी. चुकली की माणूस त्याच्या तावडीत सापडे.

"वकील हा शब्द कुठला, सांग बघू."

"कोर्टातला," विठू म्हणायचा.

"अरबी. वकील म्हंजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत दुसऱ्याच्या दरबारात आपला मानूस बसवत, त्याला वकील म्हनत. तवां काळा कोट नव्हता."

"मग आता कशाला घालतात? उकडत नाय त्यांना?"

"तां इंग्रजांचं. आनि प्रॉसिक्यूटर म्हंजे कोन? लॅटिन हाय. पाठलाग करनारा. आपल्या सरकारनं त्याला अभियोक्ता केलंन. संस्कृत. अंगावर चालून जातो तो."

"नाना, भजी घालू का दोन?"

शब्दाचं बूड सापडलं की शब्द आपल्या बापाचा झाला असं नानाला वाटे. गाव त्याच्यावर हसायचं आणि कागद आला की त्याच्याचकडं न्यायचं. तलाठ्याची नोटीस असो की भावाभावांतली दाव्याची धमकी, नाना आधी चष्मा पुसायचा, मग त्यातल्या तीन शब्दांचे अर्थ सांगायचा. काय करायचं ते सांगायचा नाही. तरीही लोक समाधानानं घरी जात. आमच्या गावाला समाधान फार स्वस्तात मिळतं.

नानाकडं आणखी एक मान होता. केदारलिंगाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ते त्याच्या घरानं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं मांडलेली फिर्याद. एकानं सगळ्यांच्या वतीनं हात जोडून बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्यामागं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काय बोलला ते कोणी ऐकत नाही. बोलणाऱ्यानं वाक्याचं शेपूट लांबवलं आणि सूर वर उचलला, की समोरच्या दीडशे तोंडांतून "व्हय म्हाराजा" आपोआप पडतं, शिंक पडावी तसं. एका वर्षी नाना पावसाचं मागायचं विसरून तेच गुराढोरांचं दोनदा बोलला. दोन्ही वेळा आम्ही व्हय म्हटलं.

तर अशा ह्या नानाच्या हातात हौसा सापडली.

हौसा खालच्या वाडीतली. अठ्ठावन्न वर्षांची, नवरा गेलेला, मुलगी डोंबिवलीला. शेजारच्या मालनबरोबर रातांबे फोडून आमसुलं घालते आणि कोणाचं ऐकून घेत नाही. तिच्या वाडीला यायला-जायला एकच वाट, चिऱ्याच्या बेचाळीस पायऱ्यांची पाखाडी. गावाच्या आजोबा-पणजोबांनी घातलेली, कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, सगळ्यांच्या पायाखाली आहे. पाखाडीच्या माथ्यावरची बाग गौरवनं घेतली. गौरव आमच्याच गावचा, पंधरा वर्षं मुंबईत राहून पैसा आणि गॉगल घेऊन आलेला. त्याला तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, आणि गाडी उभी करायला जागा करताना पाखाडी मध्ये आली.

एका वैशाखात त्यानं जेसीबी लावून वरच्या अकरा पायऱ्या उखडल्या. हौसा पाण्याची कळशी घेऊन खाली उतरत होती. ती कळशी खाली ठेवून जेसीबीच्या पुढ्यात उभी राहिली. गौरवनं तिला बाजूला ढकललं. ती चिऱ्यावर पडली आणि उजवं मनगट मोडलं.

पोलीस ठाण्यात तिनं तीन वाक्यं सांगितली. "पाखाडी तोडलीन. मला ढकललंन. हात मोडलान." आमच्या बोलीत शेवटच्या 'न'मध्ये करणारा माणूस बांधून घातलेला असतो. तो सुटत नाही. ठाण्यात जे लिहिलं गेलं ते असं: पायऱ्या तोडण्यात आल्या, फिर्यादीस ढकलण्यात आले, दुखापत झाली. वाचून दाखवल्यावर हौसानं विचारलं, "कोनी?" तेव्हा खाली गौरवचं नाव घातलं. पुण्याकडचे लोक आमच्या बोलीला हसतात. हसोत.

मग गावकी बसली. गावकीनं काय करावं? पाच माणसं फावडी घेऊन गेली असती तर दोन दिवसांत पाखाडी उभी राहिली असती. पण गौरवनं देवळाला पत्रे दिलेले. म्हणून ठरलं असं, की कोर्टानं त्याला दोषी धरलं तर पाखाडी त्यानं बांधून द्यायची. सोडलं तर वाट त्याची. तोवर कोणी हात लावायचा नाही. गौरव लगेच कबूल झाला. गावकीनं सुटकेचा निःश्वास सोडून चहा घेतला. हौसाची वाट अशी एका निकालाला टांगली, आणि ती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, वळसा घालून यायला-जायला लागली. पावसाळ्यात तेही बंद.

"घाबरू नको हौशे," नाना म्हणाला. "मी हाय. मी वकील, तू अशील. अशील शब्द कुठला ठाव हाय? अरबी. अशील म्हंजे मूळ, अस्सल. म्हंजे मालक तू. वकील नुसता सोपवलेला."

"मी मालक तं मग पयली माजी पाखाडी बांध."

"तसं नसतं गो ते."

"मग कसला मालक? त्या मालनची मांजर माज्यापरीस मालक हाय, ती कुंपनाखालनं जाते."

मालनच्या भाच्यानं सांगितलं होतं, रत्नागिरीत एखादा खाजगी वकील बघा, तो सरकारी वकिलाच्या मदतीला उभा राहू शकतो. नानानं ते उडवून लावलं. सरकारी वकील फुकट असताना दुसरा कशाला? तेव्हा हौसानं विचारलं, तो सरकारी वकील माझा ना? आणि नाना फसला, कारण वही खोटं बोलत नव्हती.

"तसा तुजा नाय. सरकारचा. गुन्हा सरकारविरुद्ध धरतात. तू फिर्यादी, म्हंजे साक्षीदार."

"हात कोनाचा मोडला? माजा का सरकारचा?"

"तुजा."

"आनि केस?"

"सरकारची. फिर्याद हा शब्द फारसी हाय हौशे. मदतीला मारलेली हाक. तू हाक मारलीस, सरकार आलं. आता पुढचं सरकार बघतं."

"मंजे मी वराडलं, त्यांनी माजं वराडनं उचलून नेलं आनि मला म्हनतात तू गप बस."

एवढी नेमकी व्याख्या त्या जाड कोशात नसेल. नानानं ती वहीत उतरवली नाही.

दोन वर्षांनी साक्षीची तारीख आली. नानाला एकच भीती होती, हौसाच्या तोंडाची. ती साहेबासमोर गौरवच्या आवशीबापाशीचा उद्धार करणार, आणि वकील तेच धरून बसणार. म्हणून त्यानं तिला शिकवायचं ठरवलं. जागा निवडली ती देवळाच्या सभामंडपाची, तिथं सावली असते म्हणून. आठ दिवस रोज सकाळी हौसा खांबाशी उभी आणि नाना समोर. हात जोडून उभी राहा. वकिलाच्या तोंडाकडं बघू नको. वाक्य संपेपर्यंत ऐक. मग हळू आवाजात उत्तर दे. साहेबाला मान दे.

नाना दोन्ही बाजूंचा वकील व्हायचा. पण त्याला बोलायचे सूर दोनच येत. एक पुकाऱ्याचा, तो इथं चालत नव्हता. दुसरा गाऱ्हाण्याचा. तेव्हा तो प्रश्न विचारी ते गाऱ्हाण्याच्या सुरात, शेपूट लांबवून, शेवट वर उचलून. आणि ते देऊळ, तो खांब, ते जोडलेले हात. हौसाच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघालं. तिचं तिलाही कळलं नसेल.

नाना खूश. "शाब्बास. असंच. म्हाराजा म्हटलंस तां बेस. साहेब खूश होतील."

मालन शेजारी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "नाना, आनि त्यांनी खोटं इचारलं तं?"

"तू गप गो. तुला कायद्यातलं काय कळतं?"

आठ दिवसांत हौसा अशी तयार झाली, की सूर वर गेला की ती मान डोलवी. अठ्ठावन्न वर्षांत जे सासूला, नवऱ्याला आणि गावकीला जमलं नव्हतं ते नानानं आठवड्यात करून दाखवलं.

तारखेला गावातले आम्ही सहाजण गेलो. मदतीला नव्हे, बघायला. नाना मागच्या भिंतीशी, आपल्या जुन्या जागी बसला. सरकारी वकील बाई होत्या. त्यांच्या टेबलावर त्या दिवसाच्या केसांचा असा ढीग होता, की हौसाचा कागद शोधतानाच त्यांना घाम आला. तरी सुरुवात चांगली झाली. बाईंनी सरळ विचारलं, काय झालं ते सांगा. हौसानं सरळ सांगितलं. तोडलीन, ढकललंन, मोडलान. कोणी, तर तो तिथं बसलाय तो. टंकलेखक खटाखटा लिहीत गेला. बाई बसल्या आणि पुढच्या केसचा ढीग उपसायला लागल्या.

आरोपीचा वकील उठला. गोरा, गोल, मऊ आवाजाचा. तो संगमेश्वराकडच्या एका खेड्यातला, गाऱ्हाण्यात वाढलेला, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानं पहिल्या दोन प्रश्नांत हौसाला नुसतं चाचपलं. गावचं देवस्थान जागृत का? व्हय. दर शिमग्याला तुम्ही पालखीला असता का? व्हय म्हाराजा.

तिथं तो थांबला. हौसाच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बाजारात बघितलंय, शिळ्या सुरमईला ताज्याचा भाव देणारं गिऱ्हाईक गाठ पडलं की कोळणीच्या चेहऱ्यावर जे येतं ते. त्यानं आपले हात पोटापुढं एकात एक घातले, आवाज खाली नेला आणि हळूहळू चढवत आणला.

"हे म्हणणं खरं की, वैशाखातलं ऊन, डोक्यावर भरलेली कळशी, पायात झिजलेली चप्पल, चिऱ्यावर सुटलेली माती, आणि त्या मातीवरून, बाई, तुमचा पाय घसरला..."

"व्हय म्हाराजा."

"आणि तुमच्या तुम्हीच खाली आलात..."

"व्हय म्हाराजा," हौसा म्हणाली. आणि आमच्या बाकड्यावरून पण आलं, व्हय म्हाराजा. आम्ही सहाच्या सहा. पोलिसानं बोट उगारलं. दोन-तीन वकील हसले.

"आणि गौरवरावांनी तुमच्या अंगाला हात लावला नाही, उलट उचलायला धावले..."

"व्हय म्हाराजा."

साहेबांनी मान वर केली. "बाई, प्रश्न समजून उत्तर देताय ना? कळतंय ना तुम्हाला?"

"व्हय म्हाराजा."

टंकलेखक लिहीत होता. सरकारी वकीलबाई खाली वाकून पडलेला कागद उचलत होत्या. हौसाच्या कपाळावर आठी आली. लोक का हसले ते तिला कळेना, पण काहीतरी गेलं एवढं कळलं. अंगणातून कोंबडी उचलली गेली की बघितल्याशिवाय कळतं तसं. ती वळली आणि मागं बघून म्हणाली, "नाना."

नानाला सगळं कळलं होतं. इतर कोणाला नसेल, त्याला कळलं होतं, कारण सूर त्याचाच होता. सरकारी वकीलबाईंची खुर्ची त्याच्यापासून चार पावलांवर. जाऊन कानात एवढंच सांगायचं होतं, की बाई, हिला गाऱ्हाण्याची सवय आहे, परत एकदा सरळ विचारा. परत विचारायचा त्यांना हक्क होता. त्या हक्काचा शब्द कुठून आला तेसुद्धा नानाच्या वहीत असेल.

नाना उठला. आम्हाला वाटलं, आता बोलतो. तो पुढं गेला, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, हौसाच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला आणि जागेवर येऊन बसला.

"फेरतपासणी?" साहेबांनी विचारलं.

"नाही," बाई पुढचा कागद बघत म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त हौसा नानाच्या शेजारी बसली. हातखंब्याला गाडी थांबली. मग म्हणाली, "नाना, वकील मंजे काय म्हनालास?"

"ज्याच्यावर सोपवलं तो."

"आनि पाटीवर लिवलेलं असतं तां, अ‍ॅडव्होकेट?"

"तां लॅटिन. हाक मारून मदतीला बोलावलेला."

"मी हाक मारली."

"आत आपुन बोलायचं नसतं गो," नाना म्हणाला.

"मंग देवळात आठ दिवस माज्याशी कोन बोलत व्हता?"

निकाल जानेवारीत लागला. दुखापत पडूनही होऊ शकते असं डॉक्टर म्हणाले, आणि पडले असं फिर्यादीच म्हणाली. संशयाचा फायदा देऊन गौरव निर्दोष. नानानं विठूच्या हॉटेलात संशय ह्या शब्दाबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा विठूनं रेडिओ मोठा केला. गौरवनं पाखाडीच्या माथ्यावर तारेचं कुंपण ओढलं. गावकी म्हणाली, ठरल्याप्रमाणं झालं. हौसाचं मनगट आता पुरतं वळत नाही. त्या हातानं रातांबा धरता येतो, कळशी नाही. ती व्हाळातून वळसा घालून यायची. कोणाशी बोलायची नाही, आणि कोणाला त्याची फारशी अडचणही नव्हती.

मार्चमध्ये शिमगा आला. पालखी सजली. मुंबईहून माणसं आली. सकाळी दहाच्या सुमाराला नाना देवळापुढं हात जोडून उभा राहिला आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा केदारलिंगा, आज तुजी सगळी लेकरां एक मेळानं तुज्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा," दीडशे तोंडं म्हणाली.

"नाय," एक तोंड म्हणालं.

नाना थांबला. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं परत सूर लावला. "वाडीवाडीत एकी ठेव, कोनाची वाट अडू नये..."

"व्हय म्हाराजा."

"नाय," हौसा म्हणाली. तिनं हात जोडले नव्हते. पदर खोचून ती मालनच्या शेजारी उभी होती.

आमच्याकडं गाऱ्हाण्याला एक जरी नाय पडलं तरी पालखी उचलत नाहीत. असा प्रसंग कोणाच्या आठवणीत आलेला नव्हता, कारण नाय म्हणता येतं हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

"हौशे, काय चाललंय?" नाना हळूच म्हणाला. "नंतर बोलू आपुन."

"नंतर कोनाशी? तुज्याशी? तू पानी ठेवनार." मग ती देवळाकडं तोंड करून बोलली. सूर नाही, शेपूट नाही, बाजारात बोलतात तसं. "देवा, माजं मी सांगतंय, मधी कोन नको. गौऱ्यानं पाखाडी तोडलीन. मला ढकललंन. हात मोडलान. ह्या गावानं कोर्टाकडं बोट दाखवलंन आनि घरी जाऊन जेवलं. तुजी पालखी दर तिसऱ्या साली त्याच पाखाडीनं खालच्या वाडीत उतरते. आवंदा कुटनं नेतात तां इचार त्यांना. व्हाळातनं न्या म्हनावं, मी जाते तशी."

कुठं व्हय म्हणायचं तेच आम्हाला कळेना. ती वाक्याचा शेवट वर नेत नव्हती.

खरंच, पालखी कुठून न्यायची हा विचार गावकीनं केलाच नव्हता. हौसाला व्हाळातून पाठवताना जवळजवळ तीन वर्षं कोणाला काही वाटलं नाही. देवाला पाठवायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मुंबईकरांनी घड्याळं बघितली. कोणीतरी गौरवला फोन लावला. तो खोलीतल्या पाहुण्यांना पालखी दाखवायला छपरावर खुर्च्या मांडत होता. पालखी येणार नाही म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा वकिलाचं नाव घेतलं, मग निकालाचं, आणि मग खाली येऊन स्वतःच्या हातानं कुंपण सोडलं. चिरे तिथंच आंब्याखाली पडलेले होते. दुपारी तीनपर्यंत वीस माणसांनी अकरा पायऱ्या बसवल्या. जाताना-येताना सगळे एकमेकांना सांगत होते, हे देवासाठी हो, हौसासाठी नाही. कोर्ट, निकाल, ठराव, कोणाला काही आठवत नव्हतं. त्या वीसजणांत मीही होतो आणि मीही तेच म्हणत होतो.

आता पाखाडीच्या माथ्यावर गौरवनं पाटी लावलीय, 'पारंपरिक पालखी मार्ग'. पाहुणे तिथं फोटो काढतात.

नाना अजून विठूच्या हॉटेलात बसतो. वही असते, उघडत नाही फारशी. गाऱ्हाणंही अजून तोच घालतो. मान घराण्याचा आहे, तो काढून कोणाला देणार? फक्त दर वाक्यानंतर तो थांबतो आणि हौसा कुठं उभी आहे ते शोधतो. सगळ्यांचं व्हय म्हाराजा होऊन गेलेलं असतं. हौसा पदर नीट करते, शेजारच्या मालनशी दोन शब्द बोलते, काय मागितलं ते मनात परत एकदा तपासून बघते. तोवर नाना हात जोडून उभा. गुडघे दुखतात त्याचे.

मग ती म्हणते, "व्हय."

म्हाराजा म्हणत नाही.